बिनघोड्याचा रथ

हिंगोलीत आता एकच रथ उरला आहे. पेट्रोलपंपाच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली तो उभा असतो. पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना काचा आणि काचांच्या वर लाल अक्षरांत ‘स्वर्गरथ’. लोकांनी वर्गणी काढून ती आणली आहे. कुणीही फोन केला की दारात येते, जात विचारत नाही, नवी कॉलनी की जुनी वस्ती हेही पाहत नाही. गावावर तिचे उपकारच आहेत. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

मी मराठीचा मास्तर. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवतो. एखादा शब्द कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण, हे सांगत बसायची मला खोड आहे. वर्गातली पोरं जांभया देतात, बायको ‘पुरे आता’ म्हणते, तरी माझं सुरूच. घरात माझं ऐकून घेणारा एकच माणूस होता, ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा टांगेवाले. स्टेशनाबाहेरच्या टांगास्टँडवर त्यांची उभी हयात गेली. ऑटो आले, टांगे बंद पडले, शेवटची घोडीही गेली, तरी पूर्णेकडची गाडी यायच्या सुमाराला ते स्टेशनावर एक चक्कर मारून यायचे. मग एका वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ती चक्कर कायमची थांबली.

दवाखान्यातून मी त्यांना ऑटोने घरी आणत होतो. ऑटोवाला पेट्रोल भरायला पंपावर थांबला. आबांना शाळा फारशी लाभली नव्हती, पण अक्षरं जुळवून वाचता यायचं. त्यांनी कडुलिंबाखालच्या गाडीवरची अक्षरं ओठ हलवत जुळवली. झटक्याने जीभ जड झाली होती, तरी बोलणं कळत होतं.

“ही मयताची गाडी हाय ना?”

“हो.”

“मग रथ काहून लिवलं?”

ऑटोवाला आरशातून आमच्याकडे बघायला लागला. दवाखान्यातून घरी नेत असलेला माणूस असलं काही विचारतो हे त्याला विचित्र वाटलं असावं. मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो.

मला वाटलं, विसरतील. पण संध्याकाळी चमच्याने चहा पाजत होतो तेव्हा त्यांनीच पुन्हा विषय काढला. मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली. सांगितलं की रथ हा शब्द फार जुना, अगदी जुन्या मंत्रांमध्येही तो आहे, आणि तो कुठून आला यावर तेव्हापासून वाद चालू आहेत. जुन्या पंडितांतल्या काहींनी त्याचा संबंध वेगाने जाण्याशी लावला. काहींनी ‘रमणे’शी जोडला, ज्यात माणूस रमून बसतो तो रथ. कुणी तर ‘स्थिर’ शब्द उलटा फिरवून त्यातून रथ काढून दाखवला. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हसतात. अलीकडचे भाषेचे अभ्यासक वेगळं सांगतात. त्यांच्या मते या शब्दाचे सख्खे भाऊ थेट युरोपातल्या भाषांत सापडतात आणि तिथे त्यांचा अर्थ होतो चाक. म्हणजे मुळात घोडा नाही, गादी नाही, छत्र नाही, नुसतं फिरणारं चाक. भरीव चाकांची जड गाडी बैलांची, तिला वेगळा शब्द होता. चाकाला आरे आले, ते हलकं झालं, पुढे घोडे जुंपले गेले आणि वाऱ्यासारखं पळणारं ते वाहन म्हणजे रथ. रथाबरोबर असतो तो सारथी. मनाचा रथ तो मनोरथ. आणखी एक शब्द आहे, स्यंदन, तोही रथच, पण तो पाणी वाहण्यावरून आला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. हनुवटीवरून चहा ओघळला होता, तो मी पुसला.

“म्हंजे पळायची गाडी.”

“हो.”

“लढाईला, न्हाई तर मिरवायला.”

“हो, तसंच.”

“मग मेलेल्याला कुठं पळायचंय?”

मी म्हणालो, माणसं वाईट गोष्टीला चांगला शब्द देतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. तसंच हे. मढं न्यायची गाडी असं काचेवर लिहिलेलं कुणाला आवडेल? स्वर्गात नेणारा रथ म्हटलं की घरच्यांना जरा बरं वाटतं.

“मास्तर, तुमच्या गाडीला चाकं लै हायेत, पर वंगण न्हाई,” आबा म्हणाले. माझं बोलणं पटलं नाही की ते मला मास्तर म्हणायचे. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. कप घेऊन मी उठलो, तेव्हा म्हणाले, “मला त्याच्यात घालू नका. मला माणसांनी न्यायचं.”

मी हो म्हणालो. आजारी माणसाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही.

त्यांचा हा हट्ट कुठून आला ते मला माहीत होतं. चाचांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. चाचा म्हणजे आबांचे स्टँडवरचे सोबती. पलटण मोहल्ल्यात राहायचे, आबांपेक्षा थोडे लहान. दोघांनी एका पानाच्या ठेल्यावर बसून जन्म काढला. स्टँडवर एक रिवाज होता. जिवंत माणूस कसाही असो, दारू प्यालेला, डोकं फुटलेला, खिशात दमडी नसलेला, त्याला टांगा न्यायचा. पण मयताला घोडा लावायचा नाही. सवारी वाटेत गेली तर टांगेवाल्याने तिथेच घोडा सोडायचा आणि टांगा माणसांनी ओढायचा. निजामाच्या काळात आमच्या गावात घोडदळाची छावणी होती, रिसाला आणि पलटण ही मोहल्ल्यांची नावं तेव्हाचीच. हा रिवाजही त्या छावणीतलाच, असं चाचा ठासून सांगायचे. मला काही ते खरं वाटत नाही. हिंगोलीत कशाचाही पुरावा नसला की तो निजामाच्या काळात ढकलतात.

पण रिवाज खरा होता. आबा एकदा नरसीच्या बाजूच्या एका खेड्यातून एका बाईला दवाखान्यात आणत होते. तिला कित्येक दिवस ताप होता. मांडीवर तिचं डोकं घेऊन नवरा मागे बसलेला. अर्ध्या वाटेत बाई गेली. आबांनी टांगा थांबवला, घोडी सोडली, ती टांग्याच्या मागे बांधली आणि स्वतः पुढच्या दोन दांड्यांमध्ये जाऊन उभे राहिले. टांगा पुन्हा तिच्या गावाकडे वळवला. नवरा खाली उतरून मागून ढकलायला लागला. चाचा समोरून रिकामा टांगा घेऊन येत होते. त्यांनी लांबूनच ओळखलं काय झालं ते. आपला घोडा बाभळीला बांधला आणि दुसरी दांडी धरली.

“तुझा बाप काही बोलला न्हाई, मी काही इचारलं न्हाई,” चाचांनी मला सांगितलं होतं. “दोघं लागलो ओढाया. घोडी आपली मागून चालून राहिली. गावात गेलो तं लोकं बघून राहिले, पर कुणी कायबी बोललं न्हाई.”

मी विचारलं होतं, घोड्याने नेलं तर काय बिघडतं?

“जनावराला वजन कळतं. कोण गेलं ते न्हाई कळत. ज्याला कळतं त्यानं न्यावं का न्हाई?”

हे ऐकलं तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो आणि मला ते अडाणीपणाचं वाटलं. आता आबांच्या खाटेजवळ बसून मी तेच फिरवून त्यांच्याशी वाद घातला. म्हणालो, आबा, त्या गाडीला घोडा कुठे आहे? तुमच्या रिवाजात ती बसतच नाही. आबांनी तोंड भिंतीकडे केलं. ते एका कुशीवरच होऊ शकायचे, त्यामुळे त्यांना रागवायचं असलं की भिंत तेवढीच असायची. मला माझाच राग आला. जिंकण्यासारखं त्यात होतं काय?

रात्री जेवताना बायकोने सरळ विचारलं, “तुम्ही हो म्हणालात, पण नेणार कोण?”

प्रश्न बरोबर होता आणि म्हणून मला झोंबला. आमची कॉलनी गावाच्या एका टोकाला, कयाधू दुसऱ्या. मधे सगळा बाजार, बसस्टँड, चौक. ज्या गल्लीत आबांनी आयुष्य काढलं तिथली घरं विकली गेली, पोरं पुण्याला, संभाजीनगरला, नांदेडला गेली. मागे राहिले ते चाचांच्या वयाचे. आणि आमच्या कॉलनीत सगळे नोकरदार. गेटवर नाव आणि हुद्दा, दारात बुलेट, भेटलं की ‘काय सर, बरं ना’. माणसं वाईट नाहीत. पण आबा त्यांच्या लेखी आमच्या मागच्या खोलीत झोपलेले कुणीतरी म्हातारे होते.

त्याच महिन्यात आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. ग्रुपवर मेसेज आला. खाली एकामागून एक हात जोडलेले, आणि मग ज्याने त्याने फोन करून विचारलं, “घरी जायचं का डायरेक्ट तिकडंच?” सगळे डायरेक्ट तिकडंच गेले. मीही गेलो. स्मशानाच्या फाटकाशी मोटारसायकलींची ही गर्दी. आम्ही शेडखाली उभे राहून बदल्यांचं बोलत होतो. मग रथ आला. मागचं दार उघडलं, रुळांवरून स्ट्रेचर सरकलं, चार-सहा जणांनी रुमाल खांद्यावर टाकून ते सरणापर्यंत नेलं. झालं. परत येताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्यातलं कुणीच त्यांच्या घरी जाऊन तिथून रथाबरोबर आलं नव्हतं. त्या माणसाला त्याच्या दारातून बाहेर काढायला घरची माणसं सोडून कुणी नव्हतं, आणि मला ते तोपर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी आमच्या क्रीडाशिक्षकांशेजारी जाऊन बसलो. आडदांड माणूस, मनाने चांगला. म्हटलं, यांना बोलून ठेवू. पण बोलणार काय? माझे वडील जातील तेव्हा खांदा द्याल का? खांदा मागायचा नसतो. आमच्याकडे मागून सगळं मिळतं, बियाणं, सोयाबीनला फवारायचा पंप, लग्नाला भांडी, पण खांदा माणसाने आपण होऊन द्यावा लागतो. मागितला की तो हमालीसारखा होतो. मी त्यांना आबांची तब्येत सांगितली. ते म्हणाले, “सर, काही लागलं तर एक फोन करा, अर्ध्या रात्री येतो.” ते खोटं बोलत नव्हते. मी आभार मानले आणि शिल्लक रजेबद्दल काहीतरी बोललो.

आबा पुढे दोन उन्हाळे जगले. त्याला जगणं म्हणायचं तर म्हणावं. पाठीला जखमा झाल्या. बायको रोज त्या धुवायची, तिचा सासरा लाजेने डोळे मिटून घ्यायचा. चाचा ऑटो करून यायचे, स्टुलावर बसायचे. दोघं फार बोलायचे नाहीत. कधी चाचा एखाद्या घोड्याचं नाव घ्यायचे आणि आबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. जाताना चाचा दरवेळी म्हणायचे, “मी हाय ना.” आबांनी त्यांनाही तेच सांगून ठेवलं होतं हे मला कळत होतं. चाचांचे गुडघे तोपर्यंत पार गेले होते. आमच्या दोन पायऱ्या चढताना ते भिंत धरायचे.

वैशाखात एका सकाळी आबांनी चहाचा चमचा तोंडात घेतला नाही. मी दोनदा हाक मारली. बायको स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि खाली बसली. मला रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते हेच, की आता न्यायचं कसं.

दुपारपर्यंत नांदेडहून बहीण आणि तिचे यजमान, आमचे दाजी आले. दाजी कामाचा माणूस. आले तशी त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली, दुकानातून सामान आणलं, माझा फोन घेऊन ग्रुपवर मेसेजही टाकला. मेसेजमध्ये कयाधूकाठच्या स्मशानाचा पत्ता होता आणि तिथलीच वेळ. घराचा उल्लेख नव्हता. चूक म्हणावी तर चूकही नाही, हल्ली तसाच टाकतात. मी तो वाचला तेव्हा हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मी दाजींना म्हणालो, आबांना खांद्यावर न्यायचं आहे, त्यांनी सांगून ठेवलंय.  दाजींनी अंगणात नजर फिरवली. अंगणात बायका होत्या, शेजारचे बँकेतले गृहस्थ होते आणि भिंतीला टेकून चाचा उभे होते. चाचांनी आपल्यासारखाच एक म्हातारा टांगेवाला सोबत आणला होता. दाजी म्हणाले, “बघू.” त्यांनी काय बघितलं ते मला तिरडी उचलताना कळलं. कोपऱ्यावर रथ उभा होता.

“मागं राहील नुसता,” दाजी म्हणाले. “ऊन किती आहे बघा तुम्ही.”

मी भांडलो असतो. पण माझ्या हातात विस्तवाचं मडकं दिलं गेलं होतं. आमच्यात थोरल्या मुलाने मडकं घेऊन पुढे चालायचं आणि सरणापर्यंत मागे वळून बघायचं नाही. म्हणजे ज्याला बापाला खांदा द्यायची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तो देता येत नाही, आणि मागे कोण आहे कोण नाही हेही त्याला दिसत नाही. दाजी, शेजारचे गृहस्थ, चाचा आणि तो दुसरा म्हातारा, अशा चौघांनी आबांना उचललं. आबा वाळून काटकी झाले होते, तरी मागून चाचांचा हुंकार मला ऐकू आला.

आम्ही निघालो. ऊन उतरायला आलं होतं, पण डांबर तापलेलं होतं. दोन्ही बाजूची दुकानं उघडी, काही लोक उठून उभे राहिले, काहींनी हात जोडले. मी कानांनी चालत होतो. दाजींचे बूट, शेजारच्यांच्या चपला, आणि म्हाताऱ्यांची घासत येणारी पावलं. त्यामागे लांबवर गाडीचं इंजिन.

बसस्टँडच्या अलीकडे पहिली मोटारसायकल आली. कॉलनीतलेच कुणीतरी. माझ्याजवळ वेग कमी केला, एक हात सोडून छातीशी नेला आणि म्हणाले, “पुढे होतो सर.” मग दुसरी. मग महाविद्यालयातले दोघं एका गाडीवर. “सर, पुढे होतो.” क्रीडाशिक्षकही आले. त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. म्हणाले, “सर, पुढं होतो, तिकडची तयारी बघतो, तुम्ही काळजी करू नका.” आणि गेले. मी तोंड उघडलं होतं. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. त्या दिवशी किती जणांनी मला ओलांडलं कुणास ठाऊक. प्रत्येकाने मान झुकवली. एकालाही गाडी बाजूला लावावीशी वाटली नाही. मला त्यांचा इतका संताप आला की मडक्याची दोरी हातात रुतली तरी कळलं नाही.

चौकाच्या पुढे विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात आणि पुन्हा उचलतात. मागून तिरडी टेकल्याचा आवाज आला. मी समोर बघत उभा राहिलो. समोर एक चपलांचं दुकान होतं, बाहेर लटकवलेल्या चपला वाऱ्याने हलत होत्या. उचला, असं कुणी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. कुणी म्हणालं नाही. कुणीतरी जोरजोरात धापा टाकत होतं. दाजी हळू आवाजात बोलत होते, शेजारचे ‘हो, हो’ म्हणत होते. मग इंजिनचा आवाज जवळ येत गेला, अगदी पाठीशी आला आणि थांबला. दार उघडलं. रुळांवरून काहीतरी सरकलं. तो आवाज मी त्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या वेळी ऐकला होता.

चाचा माझ्या शेजारी आले. त्यांनी माझा दंड धरला.

“पोरा, माझ्यानं उठवलं न्हाई गेलं.”

मी मडक्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली.

“मागं बघू नको. तू चाल.”

“तुम्ही तरी गाडीत बसा, चाचा.”

“न्हाई. मी चालत येतो. तू हो पुढं.”

मी चालायला लागलो. गाडीवाला भला माणूस होता, त्याने माझ्या पावलांच्या वेगाने गाडी ठेवली. पहिल्या गिअरमध्ये ती माझ्या मागे गुरगुरत होती. वळावं, दोन्ही हात आडवे करून गाडी थांबवावी, आबांना खाली घ्यावं, असं मला पावलापावलाला वाटत होतं. वळलो नाही. रीत मोडायची भीती होती म्हणून नाही. वळून मला दिसलं असतं काय? काचेआड आबा, आणि त्यांच्यामागे मोकळा रस्ता. एका शब्दाची इतकी कुळकथा मी त्यांना ऐकवली होती. त्यांनी मागितलं होतं ते मात्र माझ्याकडे नव्हतं.

कयाधूच्या उतारावरून खाली आलो तर फाटकापासून शेडपर्यंत माणसंच माणसं. सगळे आले होते. कॉलनी होती, महाविद्यालय होतं, माझे जुने विद्यार्थी होते. आबांना कधी न पाहिलेलेही होते. रथ थांबला, दार उघडलं आणि सगळे पुढे सरसावले. कुणी रुमाल खांद्यावर टाकला, कुणी बाह्या सारल्या. गाडीपासून सरणापर्यंतच्या त्या एवढ्याशा अंतरासाठी खांद्यांची रेटारेटी झाली. एकाला बाजूला सारून दुसरा आत शिरत होता. क्रीडाशिक्षक पुढच्या दांडीला होते. मला तिथे रडू फुटलं, हुंदके आवरेनात. लोकांनी मला धरलं, पाठीवरून हात फिरवले, सावरा सर, वय झालं होतं, असं म्हणाले. मी बापासाठी रडतोय असं त्यांना वाटलं. मी त्यांच्यावर चिडून रडत होतो.

अग्नी दिला. वैशाखातली लाकडं, लगेच धरली. कवटी फुटायची वाटही न बघता लोक निघायला लागले, फाटकाशी गाड्या सुरू झाल्या. रथालाही दुसरीकडून फोन आला होता, तो गेला. शेड जवळजवळ रिकामी झाली तेव्हा चाचा फाटकातून आत आले. भिंतीला धरत धरत, थांबत थांबत ते माझ्यापर्यंत पोचले आणि सरणाकडे बघत उभे राहिले. घामाने सदरा अंगाला चिकटला होता.

“गाडीतून कुणी उतरवलं त्याला?” त्यांनी विचारलं.

“लै माणसं होती, चाचा.”

“व्हय का?” ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरासा सैल पडला. “बरं झालं. मी वाटभर तोच घोर करून राहिलो होतो.”

ती सगळी माणसं रस्त्यात मला ओलांडून गेली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.